एमआरआयमध्ये स्लिप डिस्क निघाली, ऑपरेशन करावंच लागेल का?

तुमचं थोडक्यात असं आहे: वय ३४, वारज्याहून हिंजवडीला दुचाकीवर ये-जा, तीन आठवडे कमरेतून डाव्या पायात कळ, रिपोर्टमध्ये ‘एल फोर-एल फाइव्ह’ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली डिस्क बाहेर आलेली. एका डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलीय आणि आई म्हणते महिनाभर पडून राहा. मी डॉक्टर नाही. अप्पा बळवंत चौकात शालेय पुस्तकांचा धंदा करतो आणि हे दुखणं भोगून बसलोय, त्या भरवशावर लिहितो.

माझं झालं ऐन जूनमध्ये. गठ्ठा उचलून तसाच कमरेत वळलो, तेव्हा फक्त चमक भरली. आत्या म्हणाली उसण आहे, आणि शेजारच्या पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) मुलाला बोलावून माझ्या पाठीला पाय लावायला लावला. (साधी उसण दोन-चार दिवसांत आपसूकच जाते, श्रेय पायाळूला मिळतं.) तिसऱ्या दिवशी दात घासताना शिंक आली आणि कुल्ल्यापासून पायाच्या करंगळीपर्यंत करंट बसला. बेसिन धरून पाच मिनिटं हललो नाही.

आधी ‘सरकली’ हा शब्द डोक्यातून काढा. पुस्तकाचं पान बाइंडिंगमधून निसटतं तशी गादी, म्हणजे डिस्क, मणक्यांमधून निसटत नाही, ती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. बाहेरून तंतूंचे थर असतात, एक थर एका बाजूला तिरका, पुढचा उलट तिरका, आम्ही सुतळी बांधतो तसे. आत ओलसर, मऊ गर. थराला चीर पडली की गर मागे येतो आणि तिथूनच पायाकडे जाणारी नस जाते. नस दबते, शिवाय त्या गरामुळे तिला सूजही येते. कळ पायात जाते ती यामुळे, पायात काही बिघडलेलं नसतं.

‘एल फोर-एल फाइव्ह’ला बहुधा एल फाइव्ह नस सापडते. ती पायाच्या वरच्या बाजूने अंगठ्याकडे जाते. म्हणून अंगठा वर उचलता येतो का, टाचांवर चालता येतं का, हे रोज बघा. माझी एक मजला खालची होती, त्यामुळे मला चवड्यावर उभं राहता येईना. मुद्दा हा, की रिपोर्टपेक्षा पाय जास्त सांगतो. अमेरिकेत १९९४ साली पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची निदान एक डिस्क फुगलेली निघाली, २७ टक्के लोकांची त्याहून पुढे आलेली. तेव्हा चित्रात दिसतं तेच दुखतंय असं धरून चालू नका. तपासणीत तुमच्या पायाशी ते जुळायला हवं. मला पहिल्यांदा तारीख देणाऱ्या डॉक्टरांनी बूटसुद्धा काढायला लावला नव्हता, नुसती फिल्म उजेडाला धरली होती.

आता खरंच घाबरायचं कधी. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तिथे सकाळची वाट बघायची नसते. पाऊल लुळं पडून चप्पल पायातून निसटायला लागली, तर त्याच दिवशी दाखवा. ताप असेल, विनाकारण वजन घटत असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

यातलं काही नसेल तर वेळ तुमच्या बाजूने आहे. बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत बरंच उतरतं. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू खाऊन टाकतं, आणि गंमत म्हणजे तुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा लहान फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरतो.

आईंना सांगा, दोन दिवस पडून राहिलात तर ठीक, महिना नको. स्नायू ढिले पडतात. मी पहिल्या आठवड्यात गल्लीच्या टोकापर्यंत जायचो, मग शनिपारापर्यंत. फिजिओथेरपिस्ट ताईंनी पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायला शिकवलं आणि एक खूण सांगितली: कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत येत असेल तर कंबर जास्त दुखली तरी चालेल, चांगलं लक्षण आहे. कळ खाली उतरत असेल तर तो व्यायाम थांबवा. तो व्यायाम सगळ्यांना मानवत नाही, म्हणून शिकूनच करा. बसणं सगळ्यात वाईट. दुचाकी काही आठवडे बंदच ठेवा. सर्व्हिस रोडचे खड्डे तुम्हाला मी काय सांगायचे.

गोळ्या डॉक्टर देतील. अ‍ॅसिडिटी, बीपी, किडनीचं काही असेल तर आधी सांगा, नसेच्या गोळ्यांनी झोप येते आणि त्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. पट्टा प्रवासापुरता. मी ट्रॅक्शनला, म्हणजे वजन लावून कंबर ताणून घ्यायला, दहा दिवस गेलो, टेबलावर असेपर्यंत बरं वाटायचं. मणक्यातल्या इंजेक्शनने काही आठवडे कळ कमी होऊ शकते, गर विरघळत नाही. पाठीवर कुणाला नाचू देऊ नका, पायाळूलाही नाही.

ऑपरेशन म्हणजे शत्रू नव्हे. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे सायटिका, म्हणजे हीच पायात जाणारी कळ, असलेल्या २८३ जणांवरचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. ज्यांचं लवकर ऑपरेशन झालं त्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी मधे ऑपरेशन करून घेतलं, हेही खरं. म्हणजे ताकद शाबूत असेल तर प्रश्न इतकाच, की तुम्ही किती दिवस सोसू शकता. तुमचे तीनच आठवडे झालेत. दुसऱ्या स्पाइन सर्जनना दाखवा, ते पाय तपासतील असं बघा, आणि ‘सहा आठवडे थांबलो तर काय बिघडेल?’ हे सरळ विचारा.

मी थांबलो. तीन महिन्यांनी दुकानात पूर्ण वेळ बसायला लागलो, पावलाच्या कडेची बधिरता जायला आठ महिने लागले. आता चाळीस पुस्तकांचा गठ्ठा मी वीस-वीसचा बांधून घेतो. हमाल खूश आहेत, सुतळी दुप्पट लागते म्हणून भाऊ कुरकुरतो.