लॉकडाऊनमध्ये शेतकऱ्यांच्या खात्यात आलेले २००० रुपये ही खरंच कोरोनाची मदत होती का? कुणाला मिळाले?

मदत कसली, तो हप्ता होता. पीएम किसान या केंद्राच्या योजनेचे वर्षाला ६००० येतातच तीन हप्त्यांत, त्यातला एप्रिल ते जुलैचा हप्ता २६ मार्च २०२० च्या गरीब कल्याण पॅकेजमध्ये धरला आणि एप्रिललाच टाकला. लवकर आला त्याचा उपयोग झाला लोकांना, नाही म्हणत नाही, पण वरचा एक रुपया नव्हता त्यात. आणि तोसुद्धा ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्यालाच.

आमचं गाव करमाळा तालुक्यात. आजोबा वारले तेव्हा सातबाऱ्यावर थोरल्या चुलत्यांचं एकट्याचं नाव एकुमॅ, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून लागलं, वडिलांचं लागलंच नाही. चुलत्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा सरकारी नोकरीत, पुण्यात, आता पेन्शनवर. रान वडील करतात तीस वर्षं झाली, अण्णांचा हिस्सा म्हणून निम्मं उत्पन्न त्यांना पोचवून. त्या वर्षी रमजान गाठायचा म्हणून दीड एकर कलिंगड लावलेलं, रोपं मल्चिंग औषधं सगळं दुकानदाराच्या उधारीवर. व्यापाऱ्यानं मार्चमध्ये प्लॉट बघून ९ रुपये किलोनं विसार पण दिला होता. मग लॉकडाऊन लागलं, नवी मुंबईतलं वाशीचं मार्केट मध्येच बंद झालं, आणि तो फोनच उचलेना. शेवटी मी, आई आणि वडील ट्रॉली भरून वाड्यावस्त्यांवर फिरलो, ३ रुपये, ४ रुपये, संध्याकाळी तर ज्वारीच्या बदल्यात सुद्धा दिलं. दोन गावांनी वेशीवर काटे टाकलेले, आत येऊ दिलं नाही. निम्मा माल रानातच सडला, त्यावर रोटर फिरवला.

वडिलांनी अण्णांना फोन लावला, उधारीतलं थोडं तुम्ही उचला म्हणायला. अण्णा म्हणाले, अरे घाबरतोस कशाला, सरकारनं २००० टाकलेत की, माझ्याकडं मेसेज आलाय. वडील काही बोलले नाहीत, फोन ठेवून गोठ्यात गेले. मी तिथंच उभा होतो.

त्यावरून माझं आणि अण्णांच्या मुलाचं अजून बोलणं बंद आहे. तो म्हणतो २००० साठी नाती तोडतोस. मला २००० नकोच आहेत, सरकारच्या कागदावर माझा बाप शेतकरीच नाही ह्याचा राग आहे. आणि महिना १० हजार किंवा जास्त पेन्शन असलेल्याला ही योजना लागूच नाही, हे अण्णांना माहीत नव्हतं हे मी मानणार नाही. पुढं अण्णांच्या नावानं त्या पैशांच्या वसुलीची नोटीस आली तेव्हा ते भरायची धावपळ पण वडिलांनीच केली.

पैसा मालामागं जायला पाहिजे, सातबाऱ्यामागं नाही. अमेरिकेत त्याच वर्षी सीफॅप नावाची शेतकऱ्यांसाठी कोरोना मदतीची योजना होती, तिथं दूध किती, जनावरं किती, पेरा किती त्यावर पैसे दिले, जमीन खंडाची असली तरी मालाची जोखीम ज्याची त्याला. आपल्याकडं सुद्धा राज्यानं जादाचं दूध २५ रुपयांनी घ्यायचं ठरवलं होतंच ना, मग फळ भाजीवाल्यानं काय पाप केलं होतं?

तुमच्या घरी एकुमॅ लागलं असेल तर आधी सगळ्या वारसांची नावं लावायला तलाठ्याकडं अर्ज करा, भाऊ काय म्हणेल याची वाट बघू नका. वाट्यानं करत असाल तर कागद करा, सख्खा असला तरी.

दोन गोष्टी राहिल्या. अमेरिकेतही मोठ्या फार्मवाल्यांना जास्त मिळाले, माणशी मर्यादाच अडीच लाख डॉलर होती, त्यामुळं तिकडं सगळं छान असं मी म्हणत नाही. आणि पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आली असेल तर वारसाहक्क सोडून बाकी कारणं चालत नाहीत, ते बघूनच फॉर्म भरा. तलाठ्याकडं द्यायचा आमचा अर्ज मी भरून ठेवलाय, वडील सही करत नाहीत. अण्णांना वाईट वाटेल म्हणतात.