बाथमधलं जॉर्जियन घर : वरच्या खिडक्या लहान का?

प्रश्न : मुलगा इंग्लंडात बाथला असतो, त्याच्याकडे गेलो तेव्हा रॉयल क्रेसेंट बघितलं, म्हणजे कमानीसारखी वळलेली जुन्या घरांची रांग. सगळी घरं एकसारखी, पण पहिल्या मजल्याच्या खिडक्या चांगल्या उंच आणि वरच्या बुटक्या. गावात काही घरांना तर खिडकीची चौकट आहे आणि आत दगड भरलेला. टॅक्स वाचवायला बुजवल्या असं मुलगा म्हणतो, खरं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अर्धं खरं. खिडक्यांवर टॅक्स होता, 1696 ला लागला आणि थेट 1851 ला गेला, आणि तो चुकवायला लोकांनी खिडक्या बुजवल्या हेही खरं, पण दगड भरलेली प्रत्येक खिडकी टॅक्समुळेच असं मात्र नाही. बऱ्याच तर बांधतानाच आंधळ्या ठेवलेल्या, कारण आत जिना किंवा धुराडं यायचं पण बाहेरून रांग मोडलेली चालत नव्हती. जॉर्जियन काळात, म्हणजे साधारण 1714 ते 1830, दर्शनी भागाचं प्रमाण म्हणजे सगळं काही!

उंचीचं म्हणाल तर त्यावरून घरातला मान कळतो. रॉयल क्रेसेंट जॉन वूड धाकट्याने 1767 ते 1774 मध्ये बांधलं, तीस घरं, आणि 114 आयोनिक खांब, म्हणजे माथ्याला गुंडाळीसारखी नक्षी असलेले, जे जमिनीवरून नाही तर पहिल्या मजल्यापासून सुरू होतात. खालचा मजला मुद्दाम साधा ठेवलाय म्हणजे नजर वर जाते, आणि तिथेच पाहुण्यांचा दिवाणखाना, म्हणून खिडक्या सगळ्यात उंच. त्याच्यावर झोपायच्या खोल्या, तिथे खिडक्या लहान झाल्या, आणि अगदी वर छपराखाली नोकर झोपायचे. स्वयंपाकघर तळघरात. म्हणजे ज्यांच्या कष्टावर घर चालायचं ते एकदम वर नाहीतर एकदम खाली, आणि हे बघितल्याशिवाय ते घर समजलं असं मी तरी म्हणणार नाही.

प्रश्न : पुढच्या महिन्यात जातेय, हाताशी एकच दिवस आहे. रॉयल क्रेसेंटच्या एक नंबरच्या घरात म्युझियम आहे म्हणे, आत काय बघू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, आधी खिडकीपाशीच जा, फर्निचर नंतर. सॅश खिडकी म्हणजे वरखाली सरकणारी, तिच्या तोलाचं एक वजन दोरीला बांधलेलं असतं, दोरी कप्पीवरून जाते आणि वजन चौकटीच्या पोकळ बाजूत लपलेलं, म्हणून तेवढी जड खिडकी एका हाताने उचलली जाते आणि सोडाल तिथे थांबते. काचेचे तुकडे लहान का, तर तेव्हा चांगली काच फुंकून गरागरा फिरवून तिची मोठी तबकडी करायचे आणि मग तिच्यातून चौकोन कापायचे, मोठं तावदान निघायचंच नाही. नंतर व्हिक्टोरियन काळात मोठी काच मिळायला लागली तेव्हा बाथमधल्या कितीतरी घरांनी काचांमधल्या बारीक पट्ट्या काढून सरसकट काचा बसवल्या, खिडक्यांचे उंबरठे कापून खाली नेले, आणि दर्शनी भागाचा तोल बिघडला, मला याचं फार वाईट वाटतं. खिडकीच्या बगलेला लाकडी पॅनल दिसलं तर नीट बघा, बऱ्याचदा ती घडी घातलेली झडप असते, रात्री ओढून घ्यायची.

भिंतीवर कमरेच्या उंचीला लाकडी पट्टी असते ती नुसती नक्षी नाही. खुर्च्या तेव्हा भिंतीला लावून ठेवायचे, लागतील तेव्हाच मधे आणायचे, त्यांची पाठ घासून गिलावा खराब होऊ नये म्हणून पट्टी.

तळघरातल्या स्वयंपाकघरासाठी मात्र भरपूर वेळ ठेवा. तिथे भिंतीत उंच एक लाकडी चाक आहे, त्यात छोटं कुत्रं पळवायचे आणि चुलीपुढची मांसाची सळई फिरत राहायची. तासनतास आचेजवळ पळणारं ते कुत्रं, बघून पोटात कालवतं. 2013 पासून नोकरांच्या बाजूचा भागही घराला परत जोडलाय, तोही चुकवू नका.

आणि बाहेर पडलात की क्रेसेंटच्या मागच्या गल्लीत जाऊन या. वूडने फक्त पुढचा दर्शनी भाग ठरवून दिला होता, त्याची जेवढी लांबी ज्याने विकत घेतली त्याने मागे आपल्या गवंड्याकडून हवं तसं घर बांधून घेतलं. त्यामुळे पुढून एक महाल आणि मागून कुणाचं छप्पर वर, कुणाचं खाली, कुणाची भिंत पुढे आलेली. फोटो लोक पुढूनच काढतात, तुम्ही मागूनही काढा.