मीटरवरचा लाल दिवा मोजा, वायरला हात लावू नका

तुम्ही विचारलंय की घरात किती वीज जळतेय हे दाखवणारं यंत्र घरीच बनवता येईल का, आणि त्यासाठी मेन लाईनची वायर कापावी लागेल का.

येतं बनवता. वायर कापायची गरज नाही. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, इलेक्ट्रिशियन वगैरे नाही. या नादाला लागलो तो गृहज्योतीमुळं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेमुळं. २०२२-२३ ची आमची सरासरी धरून, वर दहा टक्के मिळवून महिन्याला १३२ युनिटं फुकट ठरली. त्याच्या वर गेलं की वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० ओलांडली की अख्खं बिल. पण ओलांडली कधी, हे कळायचं बिल हातात पडल्यावर!

यंत्राआधी एक काम करा. डिजिटल मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी बहुधा ३२०० असा आकडा छापलेला असतो. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. दोन लुकलुकींमधले सेकंद मोबाईलवर मोजा आणि ११२५ ला त्यानं भागा. येईल तो आकडा वॅटमध्ये. (तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर ३६ लाखांना त्यानं भागा, ११२५ च्या जागी ते घ्या.)

मी रात्री सगळं बंद करून, फ्रिजचा प्लगसुद्धा काढून बघितलं. तरी दर १२ सेकंदांनी दिवा लागतच होता. ९४ वॅट! महिनाभर असंच चाललं तर ६७ युनिटं, म्हणजे फुकटातली निम्मी. उरलेला एकेक स्विच बंद करत गेलो तर चोर निघाला इन्व्हर्टर. बॅटरी जुनी, कधी भरतच नव्हती, रात्रंदिवस चार्जिंग चालूच.

आता यंत्र. त्या दिव्यावर फोटोट्रान्झिस्टर (उजेड ओळखणारा छोटा सेन्सर) चिकटवायचा, तो नोडएमसीयूला (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा वायफाय बोर्ड) जोडायचा आणि लुकलुकी मोजायच्या, एवढंच. एलडीआर हा उजेडाचा दुसरा सेन्सरही चालतो, पण तो जरा सुस्त. गिझर चालू असताना दिवा भराभर लुकलुकतो तेव्हा चुकतो. सेन्सरभोवती काळी टेप घट्ट लावा. आमचा मीटर सोप्यात आहे, दुपारचं ऊन पडलं की भलतेच आकडे यायचे. पावसाळ्यात इकडं करंट सारखं जातं, तेव्हा नोडएमसीयू मोजलेलं विसरतो. म्हणून मी दर रविवारी मीटरचं रीडिंग बघून आकडा दुरुस्त करतो.

क्लॅम्पवाला सीटी सेन्सर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवून प्रवाह मोजणारा, मी आधी घेतला होता. जाड केबलीवर अडकवला तर शून्य! केबलीत फेज आणि न्यूट्रल दोन्ही असतात, जाणारा-येणारा प्रवाह एकमेकांना खाऊन टाकतो. एकट्या फेजवरच अडकवावा लागतो, आणि ती सुटी करायला घरचा मेन बोर्ड उघडायचा म्हणजे वायरमनच हवा. शिवाय तो फक्त अँपिअर सांगतो. मोटर, पंखे असले की हिशेब मीटरपेक्षा जास्त दाखवतो. पीझेम-००४टी हे वीज मोजायचं तयार मॉड्यूल व्होल्टेज, पॉवर फॅक्टर (प्रवाहातला किती भाग खरा कामी येतो तो आकडा) सगळं देतं, पण त्याच्या एका बाजूला थेट २३० व्होल्ट. जुलैत भिंती ओल्या असतात आमच्याकडं, घरात पोरं. मी नाही लावलं.

मीटरचं सील तोडायचं नाही, सगळं काचेच्या बाहेरून. आणि टेप लावताना रीडिंगचा आकडा झाकू नका. महिन्याला येणारा मीटर रीडर टेप सरळ ओरबाडून काढतो. आमची दोनदा गेली.