उत्तर : दिवाळी शटडाऊनमध्ये सगळी मशिनं ओव्हरहॉल करावीत का?

तुमची पोस्ट दोनदा वाचली. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला फाउंड्री (लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना), मेंटेनन्सची जबाबदारी चार महिन्यांपूर्वी अंगावर पडलेली, रोज कुठंतरी ब्रेकडाऊन, आणि मालकांचा हुकूम की दिवाळीच्या सहा दिवसांत सँड प्लांटपासून (साच्याची वाळू तयार होते तिथून) शॉट ब्लास्टपर्यंत (छर्रे मारून माल साफ करणाऱ्या मशिनपर्यंत) सगळं उघडा, बेअरिंगं-सील बदला, म्हणजे वर्षभर बघायला नको. तुम्ही चेकलिस्ट मागितलीय. ती मी देत नाही. माझ्याकडं आहे, चांगली बारा पानी आहे, आणि तिनंच माझा घात केला होता.

मी शिरोली एमआयडीसीत होतो. तुमच्यासारखाच नवा, डोक्यात तीच हवा. सँड मिक्सरचा, म्हणजे साच्याची वाळू मळणाऱ्या मशिनचा, गिअरबॉक्स व्यवस्थित चालत होता. आवाज नाही, तेल स्वच्छ, गरम होत नव्हता. तरी यादीत होता म्हणून उघडला. आमचे जुने फिटर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, ते म्हणाले, "साहेब, चालतंय त्याला कशाला हात लावताय?" मी म्हटलं, मामा, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स आहे, बिघडायच्या आधीच करायचा. ते गप्प बसले. आता आठवलं की लाज वाटते.

टेपर रोलर बेअरिंगं नवी बसवली. त्या बेअरिंगांचा खेळ, म्हणजे आतला सैलपणा, कव्हरखालच्या शिमवर (पातळ पत्र्याच्या चकतीवर) ठरतो हे तुम्हाला माहीत असेलच. एक पातळ शिम, पाव मिलिमीटरपेक्षाही कमी, तेलानं कव्हरच्या आतल्या अंगाला चिकटली होती. पोरानं कॉटन वेस्टनं कव्हर पुसलं आणि वेस्टबरोबर शिम कचऱ्यात गेली. उघडताना शिमा कुणी मोजल्या नव्हत्या. खरं तर 'कुणी' कशाला म्हणू, मीच मोजल्या नव्हत्या. बोल्ट आवळले, हातानं फिरवून बघितलं, जरा जड लागला. नवीन आहे, सैल होईल, असं मीच म्हणालो.

भाऊबीजेनंतर लाइन सुरू झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी गिअरबॉक्सवर तळहात टेकवेना, तेलाचा करपट वास यायला लागला, आणि मिक्सर जाम. मिक्सर एकच. मोल्डिंग (साचे बनवणं) बंद, आणि भट्टीत वितळलेला माल तयार. शेवटी तो पिगमध्ये, म्हणजे नुसत्या लाद्या करून, ओतला. टनाला साडेपाचशे-सहाशे युनिट वीज जाळून वितळवलेला माल, परत वितळवण्यासाठी.

साडेतीन दिवस लाइन बंद राहिली. त्यातला दीड दिवस आमच्याच एका खात्यानं खाल्ला. कोणतं ते सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. बेअरिंग उद्यमनगरात एका दुकानात होतं. मी फोनवर खात्री केली होती. तरी तीन कोटेशनं आल्याशिवाय ऑर्डर निघणार नाही. मालक गावाला, सहीला कोणी नाही. आणि ज्या दुकानाचा भाव सर्वांत कमी, त्याचा माल डब्यावरची छपाई बघूनच डुप्लिकेट वाटत होता. बेअरिंगमध्ये वाचवलेले चारशे रुपये कुठल्या रजिस्टरमध्ये दिसतात आणि बंद पडलेली लाइन कुठल्याच रजिस्टरमध्ये कशी दिसत नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. असो.

शेवटी मामांनी बाकाखालून तेलकट कागदात गुंडाळलेली जुनी बेअरिंगं काढली. टाकून दिली नव्हती. रॉकेलनं धुतली, रोलर फिरतात ते ट्रॅक बघितले तर आरशासारखे. तीच परत बसवली, शिमा फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) खेळ बघत लावल्या. त्या बेअरिंगांवर मिक्सर पुढं सहा वर्षं चालला.

नंतर वाचताना कळलं की हा माझ्या एकट्याचा मूर्खपणा नव्हता. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी 1978 मध्ये विमानांच्या भागांवर अहवाल लिहिला. त्यात फक्त 11 टक्के भाग वय झालं म्हणून जास्त बिघडायला लागतात असं दिसलं, आणि 68 टक्के भागांत बिघाडाचा धोका सुरुवातीलाच, म्हणजे नवे असताना जास्त होता. विमानातले आकडे आपल्या वाळूच्या धुरळ्यात जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणत नाही. पण दिवाळीनंतरच्या पंधरवड्यातले ब्रेकडाऊन तुमच्याच जुन्या रजिस्टरमध्ये मोजून बघा.

मला वाटतं तुमच्या मालकांचं डोकं साखर कारखान्याच्या चालीवर चाललंय. आपल्याकडं ते साहजिक आहे, घरटी एखादा माणूस कारखान्यात असतोच. हंगाम संपला की मिल उघडायची, रोलर काढायचे, सगळं ओव्हरहॉल. पण त्यांच्या हातात काही महिने असतात. बॉयलर अग्निप्रदीपन होतं, ट्रायल होते, चुकलेलं सापडतं, मग मोळी टाकतात. तुम्हाला सहा दिवस. त्यात निम्मी माणसं गावी गेलेली, बाकीच्यांचं लक्ष फराळाकडं. ट्रायल थेट गिऱ्हाइकाच्या मालावर होणार.

मग उघडायचंच नाही का? उघडायचं, पण जे झिजतं ते. वाळू आणि शॉट जिथं घासतात तिथं वय खरंच लागतं. मिक्सरचे प्लाऊ (वाळू ढवळणारे फाळ), शॉट ब्लास्टचे ब्लेड आणि लायनर (आतल्या संरक्षक प्लेटा), वाळू वर नेणाऱ्या एलिव्हेटरचे बकेट. भट्टीचं लायनिंग (आतलं अस्तर) तर हीट, म्हणजे किती वेळा माल वितळवला ते, मोजूनच काढायचं, तिथं 'चालतंय त्याला हात नको' हा नियम चालवू नका. गिअरबॉक्स, मोटरची बेअरिंगं, पॅनेलमधले कार्ड यांना हात लावायचा तो कारण असेल तरच. तापमान वाढलं, आवाज बदलला, तेलात धातूची चमकी दिसली, तर.

आणखी एक वर्ग आहे, जो मी तेव्हा पूर्ण विसरलो होतो. जे बिघडलंय हे रोजच्या कामात कळतच नाही. भट्टीचा ग्राउंड लीक डिटेक्टर (वीज जमिनीकडं गळतेय का ते सांगणारा), वीज गेल्यावर भट्टीभोवतीच्या कॉइलला थंड ठेवायला पाणी देणारी वरची टाकी, डिझेल जनरेटर, क्रेनची लिमिट स्विच (हूक हद्दीबाहेर जाऊ न देणारी). हे 'चालतंय' म्हणून सोडायचं नाही. मुद्दाम ट्रिप करून, व्हॉल्व्ह उघडून बघायचं. वितळलेल्या लोखंडात पाणी गेलं तर कसा स्फोट होतो ते तुम्हाला सांगायला नको. भट्टीचं टेस्टिंग मात्र उत्पादकाच्या माणसाला विचारूनच करा, इथं वाचून नाही.

रोजच्या ब्रेकडाऊनचं म्हणाल तर तुमच्या मालकांनी दाखवलेलं नोंदींचं सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. शंभर पानी वही घ्या. काय बंद पडलं, किती वेळ, काय केलं हे सगळेच लिहितात. एक रकाना जास्त आखा : मागच्या आठ दिवसांत या मशिनला कुणाचा हात लागला होता का? तीन महिन्यांनी फक्त तो रकाना वाचा. आमच्या वहीत सर्वांत जास्त वेळा माझंच नाव आलं. (पोरांना आधीच सांगा की हे दंडासाठी नाही. नाहीतर रकाना कोराच राहील.)

जाता जाता ग्रीसचं. पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय की शॉट ब्लास्टच्या मोटरला 'बाहेर येईपर्यंत' ग्रीस मारतो. नका मारू, जास्त ग्रीसनं बेअरिंग तापतं. बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी मिलिमीटरमध्ये, त्याला 0.005 नं गुणा, तेवढे ग्रॅम. 6312 नंबरच्या बेअरिंगला साधारण 20 ग्रॅम येतात. ग्रीसगनचा एक स्ट्रोक किती ग्रॅमचा हे दहा स्ट्रोक काट्यावर टाकून बघा, प्रत्येक गन वेगळी. आणि स्टोअरवाला 'ग्रीस म्हणजे ग्रीस' म्हणाला तर ऐकू नका. लिथियमचं ग्रीस आणि पॉलियुरियाचं ग्रीस एकत्र झालं की बहुतेक वेळा ताकासारखं पातळ होऊन वाहून जातं.

मी फाउंड्रीतला माणूस. तुमच्याकडं सीएनसी शॉपही असेल तर त्याबद्दल इथले दुसरे सदस्य जास्त नीट सांगतील. मालकांना एकदम नाही म्हणू नका, नोकरी तुमची आहे. 'यंदा झिजणारे भाग आणि सेफ्टीचं टेस्टिंग, गिअरबॉक्स पुढच्या वर्षी' असं सांगून बघा, माझ्या मालकांना ते पटलं होतं. क्रेनची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी कायद्यानंच लागते, ती या सहा दिवसांत बसवायची असेल तर तपासणी करणाऱ्यांना आजच फोन करा. दिवाळीच्या आठवड्यात अख्खी एमआयडीसी त्यांच्याच मागं असते.