ॲव्हरेजवर हप्ता फिटेल का?

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका बागायतदार वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्याकडे २०१७ ची बोलेरो पिकअप आहे, सव्वा टनाची. कर्ज कधीच फिटलंय. महिन्याला साधारण २,५०० किलोमीटर पळते: वाशी बाजार समितीच्या पाच फेऱ्या आणि उरलेलं शेत, मंडई, गावातली किरकोळ कामं. ॲव्हरेज पडतं साडेदहा. शोरूमवाल्यानं पावणेदोन टनाच्या आसपासची नवी टर्बो डिझेल पिकअप दाखवली. ऑन रोड ११ लाख, जुनीचे ३ लाख धरून ८ लाखांचं कर्ज. 'कागदावर १७ चं ॲव्हरेज आहे, डिझेल वाचेल त्यात हप्ता निघून जाईल,' असं तो म्हणतो. घ्यावी का?

आधी 'टर्बो'चं. तुमच्या जुन्या गाडीलाही टर्बो आहेच. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, म्हणून तितकंच इंजिन जास्त डिझेल जाळून जास्त ताकद देऊ शकतं. माल ओढायला जी ताकद लागते ती शेवटी डिझेलातूनच येते. नव्या इंजिनाचा फायदा दिसतो तो हलक्या कामात: रिकामी गाडी, सपाट रस्ता, ६०-६५ चा वेग. पूर्ण भरलेल्या गाडीत जुन्या आणि नव्यातलं अंतर बरंच कमी होतं. आणि कागदावरचा आकडा निघतो प्रयोगशाळेत, रोलरवर, जवळजवळ रिकाम्या गाडीवर. तिथं ना टोमॅटोचे क्रेट असतात, ना ताडपत्री, ना भिवंडीचा ट्रॅफिक.

तुम्ही नोंदवही पाठवलीत ते फार बरं केलंत. तिच्यातून दिसतं की वाशीच्या फेरीला जुनी गाडी साडेअकरा देते आणि गावातल्या कामाला जेमतेम आठ. तुमचा मार्ग तसा नशीबवान आहे. पिंपळगाव समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर, वाशी खाली. माल भरून तुम्ही कसारा घाट उतरता आणि रिकामे चढता. साडेतीन टनांची भरलेली गाडी ६०० मीटर वर न्यायला नुसत्या चढाचंच दीड-पावणेदोन लिटर डिझेल जातं, रिकामीला लिटरभराच्या आत भागतं. म्हणजे येताना खताच्या गोण्या भरून आणल्या की त्या फेरीचं ॲव्हरेज पडणारच. तो दोष गाडीचा नाही.

या मार्गावर, भरलेल्या फेऱ्या धरून, नव्या गाडीला वाशीसाठी साडेतेरा आणि गावात साडेनऊ मी धरतो. दोन्ही मिळून साडेबारा. याहून जास्त मिळालं तर आनंद, पण त्या आनंदावर हप्ता ठरवायचा नाही.

डिझेल ९० रुपये लिटर धरू. साडेदहाच्या ॲव्हरेजला महिन्याचं डिझेल साधारण २१,४३० रुपयांचं. साडेबाराला १८,००० चं. वाचले ३,४३०. आठ लाखांचा हप्ता, साडेदहा टक्के व्याज आणि ६० महिने मुदत धरली तर, १७,१९५ रुपये. नुसत्या डिझेलच्या बचतीतून तो फेडायचा तर महिन्याला साडेबारा हजार किलोमीटर गाडी पळवावी लागेल. आणि शोरूमचा १७ चा आकडा अगदी जसाच्या तसा खरा निघाला तरीसुद्धा सव्वापाच हजार किलोमीटर लागतील. तुम्ही पळवता अडीच हजार. तेव्हा विक्रेत्याचं ते वाक्य इथंच बाजूला ठेवू.

पण म्हणून 'घेऊ नका' असं लगेच म्हणणंही चूक ठरेल. हप्ता हा सगळाच्या सगळा खर्च नसतो, त्यातून एक वस्तू तुमच्या मालकीची होते. पाच वर्षांत तुम्ही १० लाख ३२ हजार भराल, त्यात व्याज २ लाख ३२ हजार. पाच वर्षांनी नवी गाडी, नीट ठेवली तर, ५ लाखांच्या आसपास विकली जावी. जुनीच ठेवली असती तर ती तोवर लाखभराची उरली असती. हा फरक वजा केला की नव्या गाडीचा खरा जादा भार महिन्याला १०,५०० च्या घरात येतो. पूर्ण विम्याचे जादा १,४०० धरा. झाले ११,९००.

समोरच्या पारड्यात डिझेलचे ३,४३०. दुरुस्तीला तुम्ही वर्षाला ४५,००० घालता. नव्या गाडीलाही सर्व्हिसिंग आणि टायर लागतातच, म्हणून त्यात वर्षाला ३०,००० वाचतील, महिन्याला २,५०० समजू. एकूण ५,९३०. निम्म्यावर आलो. उरलेलं निम्मं डिझेलमधून कधीच येणार नाही, ते येईल जादा क्रेटमधून.

इथं एक हिशोब बहुतेकजण चुकतात. टोमॅटोच्या क्रेटमध्ये माल २० किलो, पण प्लॅस्टिकच्या क्रेटचं स्वतःचं वजनही दोनेक किलो असतं. १.७ टन भागिले २० केलं तर ८५ क्रेट येतात, आणि ते भरले की काट्यावर १,८७० किलो भरतात. २२ नं भागा, ७७ येतात. तुमच्या जुन्या गाडीत कायद्यानं ५६ बसतात. म्हणजे फेरीमागे २१ क्रेट जादा. (सगळेच जास्त भरतात हे मान्य. पण ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. एकदा पावती फाटली की सहा महिन्यांची डिझेलची बचत गेली.)

शेजाऱ्यांचा माल तुम्ही क्रेटमागे ७० रुपयांनी नेता. २१ क्रेट, पाच फेऱ्या, महिन्याला ७,३५०. हे बारा महिने मिळालं तर जमेची बाजू १३,२८० होते आणि गाडी परवडते, थोडं उरतंही. पण तुमच्या नोंदीत भरगच्च फेऱ्या सातच महिने दिसतात: टोमॅटोचा हंगाम आणि पुढे द्राक्षं. सात महिन्यांचं उत्पन्न वर्षभर पसरलं तर ते महिन्याला ४,२९० पडतं, जमा होते १०,२२०, आणि गाडी दरमहा सतराशेनं तोट्यात जाते. काठावरचा आकडा आहे दहा महिन्यांचा. वर्षातले किमान दहा महिने पाचही फेऱ्या ७७ क्रेटनं भरणार असतील तर घ्या. नसतील तर अजून थांबा.

रोखीची अडचण याहून मोठी आहे. हिशोबानं तोटा सतराशेचा असला तरी मे ते जुलैमध्ये हप्ता पूर्ण १७,१९५ चाच जाणार, आणि त्या काळात बागेची छाटणी, औषधं, मजुरी सुरू असते. तीन हप्ते आणि विम्याचा हप्ता मिळून ७० हजार रुपये बाजूला असल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नका. काही वित्त कंपन्या हंगामाप्रमाणे कमी-जास्त हप्ते बांधून देतात. ते आधी मागावं लागतं, नंतर कुणी देत नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, हे लेखी घ्या. आणि 'सहा टक्के फक्त' असं कुणी म्हणालं तर तो दर फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळच्या पूर्ण रकमेवर लावलेला, आहे का ते विचारा. पाच वर्षांच्या कर्जाला सहा टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास पावणेअकरा टक्के.

'जीएसटी उतरलाय, आत्ताच घ्या' हाही आग्रह तुम्हाला झालाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला हे खरं, आणि त्यानं किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरते हेही खरं. पण तो दर आहे, दिवाळीची ऑफर नाही, पुढच्या महिन्यातही तोच राहील. उलट नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचाही भाव खाली येतो, म्हणून एक्स्चेंजचे ३ लाख बाहेरच्या दोन दलालांकडून तपासून घ्या. स्वतःचाच शेतमाल विकत असाल आणि जीएसटी नोंदणी नसेल तर गाडीवर भरलेला कर परत मिळत नाही, ११ लाख म्हणजे ११ लाखच. शेजाऱ्यांच्या क्रेटचं भाडं हे मात्र शेतीचं उत्पन्न नव्हे, ते करपात्र आहे. त्यासाठी लहान वाहतूकदारांना दरमहा ठरावीक रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची सोपी योजना आहे. तुमच्या सीएंना विचारा.

मग तोवर करायचं काय? जुन्या गाडीवर पंधरा हजार खर्च करा. तुम्ही लिहिलंय की चढाला काळा धूर येतो आणि पूर्वीसारखी ओढत नाही. ते ऐकून माझा पहिला संशय टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) जाणाऱ्या रबरी होसवर जातो. क्लिपजवळ होसला चीर पडते, आतून तेलकट झालेली असते. हवा तिथंच निसटते, ताकद कमी पडते, ड्रायव्हर पाय जास्त दाबतो, गिअर खाली टाकतो. काही हजारांचं काम, आणि त्यापायी लोक अख्खा टर्बो बदलून बसतात. मिस्त्रीला इंजिन चालू ठेवून होसवर साबणाचं पाणी सोडायला सांगा, बुडबुडे दिसतात. मग एअर फिल्टर, कारण द्राक्षबागेतल्या मातीच्या रस्त्यांवर तो पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी तुंबतो. मग इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोजलची तपासणी. मागचं चाक जॅकवर घेऊन हातानं फिरवा, ब्रेक धरत असेल तर लगेच कळेल. टायरमधली हवा भरलेल्या गाडीच्या आकड्यानुसार ठेवा. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवा, टर्बोच्या बेअरिंगचं आयुष्य त्यावर आहे. ॲव्हरेज साडेदहाचं नुसतं अकरा झालं तरी महिन्याला हजारेक रुपये सुटतात, आणि हा खर्च सव्वा वर्षात वसूल होतो.

वेगाचं ड्रायव्हरला सांगा. कसारा घाटाऐवजी समृद्धीनं गेलं तर इगतपुरीपासून खाली रस्ता मोकळा मिळतो, पण ताडपत्री बांधलेली उंच गाडी ८० ऐवजी १०० नं नेली की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. वाचलेली दहा-पंधरा मिनिटं वाशीच्या गेटवरच्या रांगेत जातात.

पुढचे दोन महिने ॲव्हरेज नीट मोजा. एकच पंप, तोच नोझल, पहिल्या 'टक्'ला थांबायचं, वरून कोंबायचं नाही. पुढच्या वेळी तिथंच तसंच भरायचं. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. वाशी आणि गाव या नोंदी वेगळ्या ठेवा. टायरचा साईझ मूळचा नसेल तर गाडीचा किलोमीटरचा आकडाही फसवतो, एकदा मोबाईलच्या जीपीएसशी ताडून पाहा.

नव्या गाडीची ट्रायल रिकामी घेऊ नका. शोरूमनं नकार दिला तरी हरकत नाही. पिंपळगावच्या आवारात तेच मॉडेल चालवणारे ड्रायव्हर भेटतील, त्यांना विचारा: भरून किती देते, आणि धुराच्या फिल्टरचा दिवा किती वेळा लागतो? बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो स्वतःला साफ करायला जादा डिझेल जाळतो, आणि शेत ते मंडई अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत त्याची सफाई अर्धवट राहते. तुमचे महिन्याचे ५०० किलोमीटर नेमके तसेच आहेत. ती कामं जुनी गाडी किंवा ट्रॅक्टर करू शकत असेल तर नव्या गाडीचा हिशोबही सुधारतो.

हप्ता भरायची तयारी आहेच, तर त्यातले ८,००० आजपासून आवर्ती ठेवीत टाका. दोन वर्षांत दोन लाखांच्या थोडे वर जमतात. तेवढी रक्कम सुरुवातीला भरली तर कर्ज सहा लाखांवर येतं आणि हप्ता १२,९०० च्या आत. याच काळात शेजारच्या तीन-चार बागायतदारांशी मे ते जुलैच्या मालाचं बोलून ठेवा, भाजीपाला असो की कांदा. दहाव्या महिन्याची फेरी भरण्याची खात्री दोन वर्षांच्या आतच झाली, तर तेवढं थांबायचीही गरज नाही.