संकष्टी, सुरमई आणि जुलैतली मुंबई

प्रश्न : जुलैत आई-बाबांना घेऊन दोन दिवस मुंबईला येतोय, मुक्काम दादरला. पहिल्याच दिवशी आईची संकष्टी आहे. बाबांचं म्हणणं एकच, सुरमई खाल्ली नाही तर मुंबईला गेलो कशाला! तिसऱ्या दिवशी पहाटेच्या इंद्रायणीने पुण्याला जाणार. कुठे काय खावं?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी बाबांची समजूत काढा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे तेव्हा ताटात येणारी सुरमई बहुधा बर्फातली. फोर्टात नोकरीला असताना एका जुलैत मी हट्टाने सुरमई थाळी मागवली होती. तुकडा दिसायला झकास, रव्याचं आवरणही कुरकुरीत, आणि आत कापूस! त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी दादर पश्चिमेला आर. के. वैद्य मार्गावरच्या ‘सिंधुदुर्ग’मध्ये जा आणि बसल्या बसल्या वाढप्याला विचारा, ‘आज ताजं काय?’ खाडीची कोलंबी किंवा चिंबोरी, म्हणजे खेकडा, असेल तर तीच घ्या. नसेल तर कोंबडी-वडे आहेतच. सोलकढी मात्र शेवटी भाताबरोबर. लोक ती आल्या आल्या सरबतासारखी पिऊन टाकतात, ते मला बघवत नाही.

आईंसाठी शिवाजी पार्कजवळचं ‘प्रकाश’. जागा लहान, टेबलावर अनोळखी माणूस शेजारी येऊन बसणार, याची त्यांना कल्पना देऊन ठेवा. साबुदाणा वडा गरम असतानाच मोडायचा. वरचं कवच कुरकुरीत, आत साबुदाणा मऊ पण मोकळा. त्यावर पियुष, म्हणजे श्रीखंड-ताकाचं ते दाट, जायफळाच्या वासाचं पेय. एक पेला दोघांत पुरतो, कारण पोट भरतं. आई कडक उपवासवाल्या असतील तर वडे वेगळ्या तेलात तळतात का, हे विचारून घ्या; विचारायला लाजू नये. रात्री चंद्रोदयाला उशीर होतो आणि तोवर बऱ्याच खानावळी आवरायला लागतात. दादरला संकष्टीला उकडीचे मोदक मिळतात. दुपारीच सांगून ठेवा आणि मुक्कामावर बांधून न्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोबी तलावाला, मेट्रो सिनेमाजवळच्या ‘क्यानी’त. १९०४ सालचं इराण्याचं हॉटेल आहे. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला पाव, चहात बुडवून खायचा. ब्रून कडक असतो, बाबांना कवळी असेल तर मऊ बन मस्का सांगा, नाहीतर नाश्त्यालाच दंतवैद्य शोधावा लागेल. बॅलार्ड इस्टेटचं ‘ब्रिटानिया’ १९२३ सालचं, आंबटगोड लाल बेरी घातलेल्या पुलावासाठी प्रसिद्ध. ते फक्त दुपारचं चालतं. मग ‘सिंधुदुर्ग’ रात्री. दोन्ही जेवणं एकाच दुपारी उरकायला जाऊ नका, पोट तुमचंच आहे.

पुण्याच्या वाटेवर कर्जत. बोरघाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, म्हणून तिथे थांबा असतो, आणि त्या थांब्यावर दिवाडकरांचा बटाटावडा मोठा झाला. पाव, वडा, लाल सुकी चटणी. पहाटे घरून निघालेल्या माणसाला एवढं पुरतं. सुटे पैसे हातात ठेवा आणि खिडकीतूनच घ्या, खाली उतरू नका. आमचे हे एकदा ‘आलोच’ म्हणून उतरले आणि गाडी हलली. धावत जाऊन मागच्या कुठल्याशा डब्यात चढले. लोणावळ्याला डबा बदलून आमच्यापर्यंत पोचले तेव्हा चार वड्यांच्या पुडीत एकच उरला होता.