विचारा नियंत्रक काकांना : मानेवाड्याची बस आणि तीन लेटमार्क

(आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून हयात घालवलेले आमचे काका वाचकांच्या रोजच्या प्रवासाच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहते. हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. साडेनऊला पंचिंग, म्हणून आठलाच घर सोडते. थांब्यावर कधी पाच मिनिटांत बस मिळते, कधी पाऊण तास उभी राहते, आणि मग दोन बस एकामागून एक येतात. पहिली खचाखच, दुसरी रिकामी. ॲप म्हणते बस येऊन राहिली. ते पंधरा मिनिटं तसंच म्हणत राहते. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, उतरून लोकमान्य नगरची मेट्रो घेते, तिथून पुढे ऑटो. आमच्याकडे तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. साहेब म्हणतात, लवकर निघत जा. मिस्टर म्हणतात, स्कूटी घे. मुलाचा डबा, सासूबाईंची औषधं, आणखी किती लवकर निघू? रिंग रोडवरून छत्रपती चौकाचे सवारी (शेअर) ऑटो मिळतात, पण त्यात पैसे जास्त जातात. डोकं खराब झालं आहे.
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताई, आधी त्या जोडीने येणाऱ्या बसचं सांगतो, कारण त्यात ड्रायव्हरची खोडी नसते. समजा, दर २० मिनिटांनी गाडी सोडली. पहिली गाडी बेशाकडून येताना एका शाळेसमोर व्हॅनच्या गर्दीत अडकली आणि चार मिनिटं लेट झाली. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर चार माणसं जास्त जमतात. ती चढणार, त्यातला एक पाचशेची नोट काढणार, गाडी आणखी लेट. त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. मागच्या गाडीसाठी थांब्यावर माणूसच उरत नाही, म्हणून ती सुसाट येते आणि पहिलीला येऊन चिकटते. आता हिशेब पाहा. २० मिनिटांच्या अंतराने गाड्या आल्या, तर माणूस सरासरी १० मिनिटं उभा राहतो. त्याच गाड्या ४० मिनिटांनी जोडीने आल्या, तर सरासरी २० मिनिटं. संध्याकाळी लॉगशीट पाहिली तर फेऱ्या सगळ्या झालेल्या, किलोमीटर पूर्ण. तुमचं उभं राहणं मात्र दुप्पट.

यावर रस्त्यावरचा इलाज म्हणजे मागची गाडी मधल्या पॉइंटवर पाच मिनिटं रोखून धरायची. मी हे करत असे. आतली माणसं चिडतात : गाडी रिकामी आहे, ड्रायव्हर बसून आहे, मग सोडत काहून नाही? एका आजीबाईंनी खिडकीतून मला वांग्यांची पिशवी हाणली होती. ज्यांच्यासाठी गाडी रोखली ते चार थांबे पुढे उभे असतात, त्यांना यातलं काही कळत नाही. शिव्या रोख आणि आभार कुणाचेच नाहीत, असं काम कोण हौसेने करेल?

दुसरा प्रकार फेरी कापण्याचा. गाडी फारच लेट झाली की शेवटच्या थांब्यापर्यंत न नेता मधूनच वळवतात, म्हणजे पुढची फेरी तरी वेळेवर निघते. मार्गाच्या टोकाकडे राहणाऱ्यांच्या वाट्याला हे जास्त येतं. तुमची ती पाऊण तासाची सकाळ बहुधा यातलीच. ॲपवर ठिपका सरकताना दिसत असेल तर गाडी रस्त्यावर आहे. ठिपका नाही आणि नुसती मिनिटं दिसतात, तर ते तुम्हाला वेळापत्रक वाचून दाखवून राहिलं आहे असं समजा.

आता तुमच्या साहेबांचं. लवकर निघा म्हणणं सोपं आहे. बस पाच मिनिटांतही येते आणि पाऊण तासानेही, म्हणजे रोज पाऊण तास धरूनच निघायचं, आणि चांगल्या दिवशी कंपनीच्या गेटवर चाळीस मिनिटं बसून राहायचं. डबा कोण भरणार, साहेब? लेटमार्क सरासरीवर लागत नाही, वाईट दिवसावर लागतो. म्हणून रस्ता निवडताना चांगल्या दिवशी किती वेळ लागतो ते विसरा, सगळ्यात वाईट दिवशी किती लागतो तेवढंच पाहा.

या हिशेबाने मी तुमच्या जागी असतो तर सकाळी सवारी ऑटोच धरला असता. एक बस गेली की मोठी पोकळी पडते; ऑटो एक गेला तर मागे दुसरा असतो. ओंकार नगर, नरेंद्र नगर करत छत्रपती चौक, तिथून मेट्रोच्या ऑरेंज लाइनने बर्डी, बर्डीच्याच स्टेशनात बदलून ॲक्वा लाइनने लोकमान्य नगर. थोडं फिरून जाणं होतं, खरं आहे. बस वेळेवर आली त्या दिवशी तुम्हाला हळहळही वाटेल. पण मेट्रोला ना शाळेची व्हॅन आडवी येते, ना मोर्चा. डिसेंबरात अधिवेशन लागलं की बर्डीकडचे रस्ते कसे वळवतात ते तुम्ही पाहिलंच असेल. त्या दिवसांत तर बसने बर्डी गाठायचा विचारच नको. अर्ध्या दिवसाच्या पगारात किती सवाऱ्या बसतात ते मांडून पाहा. संध्याकाळी परत येताना घाई नसते, तेव्हा बस घ्या आणि पैसे वाचवा.

मेट्रोचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण सुरू झाला, पण त्याच्या दोन्ही लाइनी मानेवाड्याला लांबच राहिल्या. दुसऱ्या टप्प्यात लोकमान्य नगरची लाइन हिंगण्यापर्यंत न्यायची आहे. त्याने तुमचा शेवटचा ऑटो कदाचित वाचेल, पहिला नाही.

स्कूटीला माझा विरोध नाही. पण रिंग रोडच्या ट्रकांमधून आणि मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत रोज हिंगण्यापर्यंत नेऊ नका. घ्यायचीच तर छत्रपती चौकापर्यंत न्या, आणि स्टेशनजवळ ती ठेवायची सोय कशी आहे ते हप्ता सुरू व्हायच्या आधी पाहून घ्या. मिस्टरांना हेही विचारा की स्कूटी आली की मुलाच्या शिकवणीची ने-आण कुणाकडे जाणार. मला उत्तर माहीत आहे.

तीन लेटमार्कला अर्धा दिवस, हे मला प्रवासापेक्षा जास्त खटकलं. जितका वेळ गैरहजर, त्याच्या प्रमाणापेक्षा जास्त पगार कापता येत नाही, हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. वीस-वीस मिनिटांचे तीन उशीर म्हणजे एक तास. अर्धा दिवस कसा होतो? पण एकटीने जाऊन कायदा टेबलावर आपटू नका. तुमच्यासारख्या बसने येणाऱ्या आणखी दोघी-तिघी असतीलच. मिळून जा, दहाची शिफ्ट मागा. नाही म्हणाले तर मग कायदा काढा.

बसची तक्रार करायची तर 'बस वेळेवर येत नाही' असं लिहू नका, ते कागद आम्ही न वाचताच फाइलला लावत असू. तारीख, थांबा, दिशा, वेळ आणि आलेल्या गाडीचा नंबर लिहा. त्यापेक्षा माहिती अधिकारात अर्ज टाका : या मार्गावर या आठवड्यात किती फेऱ्या ठरल्या होत्या, किती पूर्ण झाल्या, किती मधून वळवल्या, लॉगशीटच्या प्रती द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तर द्यायला ३० दिवस. हल्ली बऱ्याच शहरांत बस ठेकेदाराच्या असतात आणि त्याला पैसे किलोमीटरमागे मिळतात. मधून वळवलेली गाडी कागदावर पूर्ण धावली असेल, तर ते तुमच्या नोंदींवरूनच उघडं पडतं.

प्रश्न : वय ७१. बस थांब्यावर न थांबता पुढे जाऊन थांबते. धावणं जमत नाही. ड्रायव्हर मुद्दाम करतात का?
– एक वाचक, जरीपटका

उत्तर : काही करतात, दादा. पण बहुतेक वेळा थांब्यासमोर ऑटो उभे असतात, म्हणून गाडी त्यांच्या पुढे काढावी लागते. शेडखाली बसू नका. ऑटोची रांग जिथे संपते तिथे उभे राहा आणि गाडी दूर असतानाच हात दाखवा. ड्रायव्हर ब्रेकचा विचार थांब्याच्या बराच आधी करतो. आणि सुटे पैसे खाली शोधत बसू नका, आत जागा मिळाल्यावर काढा. वाहक थांबतो.